मूत्रपिंडाच्या पेशीतला उजेड

आमच्या सरांना "सर, बरं आहे ना?" असं विचारायची सोय नव्हती. मान वर न करता ते म्हणायचे, "कशाच्या मानानं?" कालच्या मानानं का प्राचार्यांच्या मानानं, ते आधी ठरवा, मग विचारा. पहिल्यांदा मला वाटलं, माणूस तिरसट आहे. मग वाटलं, आपली फिरकी घेतोय. पुढं कळलं की फिरकी बिरकी काही नाही, बिचारे मनापासून विचारतात. कँटीनवाल्यानं "आज सांबार झकास झालंय सर" म्हटलं की हे त्याला कालचं सांबार शिल्लक आहे का विचारायचे. स्कूटर दुरुस्त करून घेतली की आधी मेकॅनिकची स्कूटर मागून घेऊन एक चक्कर मारायचे, मग आपली चालवून बघायचे. त्या मेकॅनिकनं एकदा मला हळूच विचारलं, "तुमचं सर जरा असं... हैत काय?" आणि डोक्याजवळ बोट फिरवलं. मी म्हटलं, "व्हय, हैत."

माणसाला नावानं हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. गावानं मारायचे. मी वडगावातल्या विणकराची पोर, म्हणून मी 'वडगाव'. माझ्याबरोबर संशोधनाला लागलेला उंच, लाजाळू मुलगा 'खानापूर'. ऑफिसातल्या बाई 'गोकाक'. ते स्वतः निपाणीकडचे, तंबाखू पिकवणाऱ्या जैन घरातले. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही, त्यामुळं कामांची वाटणी ठरलेली: शिकवायचं मराठीत, झापायचं कन्नडमध्ये. लांबून "एनिदु?", म्हणजे 'हे काय?', असं ऐकू आलं की मी आणि खानापूर आधी एकमेकांकडं बघायचो, आज कुणाची पाळी. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, म्हणून ऊन कलायला लागलं की त्यांचा डबा उघडायचा. मग समोर कोणी का असेना. एकदा बाहेरून तपासणी कमिटी आली होती, प्राचार्य घामाघूम झालेले, आणि हे कोपऱ्यात बसून भाकरी मोडत होते. कमिटीतल्या एकानं खवचटपणे विचारलं, काय भाजी आहे म्हणून. सरांनी डबाच पुढं केला. त्या गृहस्थानं खाल्लीही.

आमचं काम पेशींवर चालायचं. काचेसारख्या प्लॅस्टिकच्या ताटल्यांत पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर प्रयोग करायचे आणि काम झालं की ब्लीच ओतून मारून टाकायच्या. ब्लीच ओतायच्या आधी सर हात जोडायचे. मी आणि खानापूर सुरुवातीला तोंड दाबून हसायचो. एकदा त्यांनी पकडलं. चिडले नाहीत. म्हणाले, "आपण काय विचारलं ते त्येंनी सांगितलं की न्हाय? मग निरोप तरी नीट द्यावा."

काम नेमकं काय, ते सांगते. घाबरू नका, मलाही त्यांनी ते मागावरच शिकवलं. आमच्या घरी दोन पॉवरलूम. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वडगाव, माग चांगला हाय, सूत चांगलं हाय, पण स्टार्टर दाबलाच न्हाय तर कापड निघंल का?" मी म्हटलं, न्हाय सर. "मग जनुक म्हंजे माग. त्याच्या अलीकडं एक तुकडा असतोय, त्यो स्टार्टर. कुठल्या पेशीत, कवा आणि किती जोरात माग चालवायचा, ते त्या तुकड्याच्या हातात." पण पेशीतलं कापड काही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मग मागाच्या जागी बल्ब बसवायचा. हा बल्ब म्हणजे समुद्रातल्या जेलीफिशकडून घेतलेलं, हिरवा उजेड देणारं जनुक. आपला तुकडा त्या बल्बापुढं जोडायचा, पेशीत सोडायचा आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली निळा प्रकाश टाकून बघायचं. पेशी हिरवी दिसली तर स्टार्टर चालतो. काळी राहिली तर नाही. एवढंच आमचं संशोधन. बाकी सगळा वेळ हात धुण्यात जायचा.

आणि हिरवं दिसलं म्हणून नाचायचं नाही. शेजारी स्टार्टरच नसलेली एक ताटली पाहिजे, जी काळीच राहायला हवी. दणकट स्टार्टर जोडलेली एक पाहिजे, जी भगभगायला हवी. त्या दोघींच्या मधे आपली कुठं बसते ते सांगा, नाहीतर तोंड उघडू नका. खानापूर एकदा उत्साहानं धावत आला, "सर, चमकालंय!" सर शांतपणे म्हणाले, "कशाच्या मानानं?" शेजारची ताटली ठेवायला तो विसरला होता. त्या दिवशीचं कन्नड आम्ही जन्मात विसरणार नाही.

असा हा माणूस. हे सगळं आधी एवढं सांगितलं, कारण पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं.

सरांना एक थोरली बहीण होती. आक्का. आई लवकर गेल्यामुळं सरांना आक्कांनीच वाढवलेलं. त्यांना निपाणीजवळच्या एका गावात नात्यातच दिली होती. त्यांना एक मुलगा झाला आणि एक मुलगी. मुलगा जन्मल्यापासून पांढराफटक. पोट पुढं आलेलं, पाय काड्या. कुणी कावीळ म्हणालं, कुणी लोह कमी. रक्त चढवत राहिले, आणि शाळेत घालायच्या वयात तो गेला. नीट तपासणी तेव्हा कुणी केलीच नाही. मुलगी पद्मा मात्र धडधाकट, हसरी, तुरुतुरु बोलणारी. आणि पद्मा सरांच्या मुलाला द्यायची हे पाळण्यातच ठरलेलं. आमच्या ह्या सीमाभागात आत्याची पोर मामाच्या घरात, मामाची आत्याच्या घरात, दोन्ही चालतं. चालतं काय, नाही केलं तर लोक विचारतात, काय बिनसलं म्हणून.

सरांना मात्र गेलेला भाचा डाचत होता. त्यांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. रक्ताला लाली आणणारं जनुक सगळ्यांचं चांगलं निघालं. पण त्या जनुकाच्या बऱ्याच अलीकडं एक लहानसा तुकडा आक्कांचा आणि त्यांच्या नवऱ्याचा अर्धा गायब, सरांचा अर्धा गायब, पद्माचा आणि सरांच्या मुलाचाही. अर्धा म्हणजे असं, की प्रत्येकाला एक आईकडून येतो आणि एक बापाकडून. ह्यांचा एक शाबूत, एक तुटका. एकावर माणसाचं भागतं. पण मुलाकडचा तुटका आणि पद्माकडचा तुटका एकाच बाळात आले तर? त्या तुकड्यावाचून रक्ताचा माग चालतो का नाही? चालत असला तर लग्न करा, नसला तर मोडा. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असा तुकडा आम्ही कधी ऐकलेला नाही, सर, ह्यातले जाणकार तुम्हीच, तुम्हीच सांगा. म्हणजे पद्माचं लग्न आमच्या ताटलीवर येऊन थांबलं.

रक्ताच्या जातीच्या पेशी आमच्याकडं नव्हत्या. होत्या त्या मूत्रपिंडाच्या. जगभर वापरतात त्या, कारण गाजरगवतासारख्या कुठंही वाढतात. रक्ताच्या पेशी बेंगळूरहून मागवल्या. पहिली पेटी कुरियरच्या गोदामात पडून राहिली आणि आतलं सगळं मेलं. दुसरी जिवंत आली, पण तिला बुरशी लागली. दोन्ही वेळा सर त्या पेटीशी बसून राहिले, कुणाला काही बोलले नाहीत. कन्नडही नाही. इकडं आक्कांचा फोन रोज.

शेवटी मूत्रपिंडाच्या पेशीतच करून बघू म्हणाले. एका ताटलीत शाबूत तुकडा बल्बापुढं जोडलेला, दुसरीत तुटका. शेजारी काळी राहायची ती आणि भगभगायची ती. सगळं शिस्तीत. खोलीत अंधार केला, सरांनी डोळा लावला. मग मी लावला, मग खानापूरनं. शाबूत आणि तुटका, दोन्ही सारखेच हिरवे. फिके, काळ्या ताटलीहून जेमतेम उजळ, पण सारखे.

खानापूर चाचरत म्हणाला, "सर, ह्या मूत्रपिंडाच्या हैत. त्यो स्टार्टर रक्तातच चालत आसंल तर हितं शाबूत काय आणि तुटका काय, दोन्ही बंदच दिसणार की. रक्ताच्या आल्या की एकदा..."

"बघूया की," सर म्हणाले.

आणि तेवढ्यात फोन वाजला. हातात मोजे होते म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. आक्काच होत्या.

"आप्पा, कार्यालय मिळालंय बघ. दुसरी माणसं मागं लागल्यात. सांग रं, करू का नको? एक पोरगं घालवून बसलोय. आता ही भायेर कुठं दिऊ मी? तुझ्या घरात आसली तर माझा जीव थाऱ्यावर ऱ्हातोय."

सर त्या दोन ताटल्यांकडं बघत उभे होते.

"आप्पा? हैस न्हवं?"

"हाय आक्का," ते म्हणाले. "दोन्ही सारखंच दिसालंय. कर तू. काय भ्या न्हाय."

अहो, कशाच्या मानानं? सांबाराला विचारलंत, स्कूटरला विचारलंत, आमच्या एकेका ओळीला विचारून आम्हाला रडवलंत. शेजारी ती दणकट ताटली भगभगत होती हो, आंधळ्याला दिसावी अशी! तिच्या मानानं ह्या दोन्ही मेलेल्या होत्या. सारख्या होत्या, कारण दोन्ही सारख्याच बंद होत्या. हे त्यांना कळत नव्हतं असं कसं म्हणू? त्यांनीच तर आम्हाला शिकवलेलं. पण त्या आवाजापुढं त्यांचं शिक्षण चाललं नाही. आक्कांच्या कडेवर बसून ते शाळेला गेलते. ज्या बाईनं आपल्याला मोठं केलं तिच्या घशाशी जीव आलेला ऐकून "थांब, अजून पेशी यायच्या आहेत" म्हणायला छाती लागते, आणि ती त्या दिवशी त्यांना झाली नाही. मला हे समजतं. तरी मला राग येतो. आज ते नाहीत, तरी येतो.

लग्न झकास झालं. निपाणीच्या कार्यालयात उभं राहायला जागा नव्हती. आक्का हळदीच्या साडीत इकडून तिकडं पळत होत्या. सरांनी ऊन असतानाच पंगत उठवायला लावली आणि वाढप्यांना दम दिला. मी आणि खानापूर जेवून, पान खाऊन, बसनं परत आलो.

पुढच्याच वर्षी अनू झाली. गोरी, नाजूक. बायका म्हणाल्या, काय रंग घेतलाय पोरीनं! सर एकदा तिला घेऊन प्रयोगशाळेत आले, मला दाखवायला. खिडकीशी नेऊन त्यांनी तिच्या डोळ्याखालची कातडी बोटानं जराशी ओढली आणि आत बघितलं. गुलाबी दिसायला पाहिजे तिथं कागदासारखं पांढरं होतं. त्यांनी तिला दुपट्यात गुंडाळलं आणि निघून गेले. रक्त तपासलं. तुकडा दोन्हीकडून तुटका.

त्यानंतर रक्ताच्या पेशी आल्या. ह्या वेळी जिवंत, स्वच्छ, एकही बुरशीचा ठिपका नाही. आता येऊन उपयोग काय, असं मी पेटीलाच म्हटलं. सरांनी आम्हाला हात लावू दिला नाही. सगळा प्रयोग स्वतः केला. शाबूत तुकड्याची ताटली अशी हिरवीगार, की बघत राहावं. तुटक्याची काळी. पूर्ण काळी.

पद्माला नवऱ्याकडून कळलं की मामांनी काहीतरी शोधून काढलंय. ती एकटीच बस पकडून प्रयोगशाळेत आली. लग्नातली ती हसरी पोर कुठं गेली होती कोण जाणे. चेहरा ओढलेला, केस कसेतरी बांधलेले. म्हणाली, "मामा, मला दावा."

सरांनी तिला स्टुलावर बसवलं, डोळा कसा लावायचा ते सांगितलं. मी दिवा घालवला.

"हे हिरवं काय म्हणायचं?"

"चांगलं रक्त."

त्यांनी ताटली बदलली. ती बराच वेळ बघत बसली. "ह्यात तर कायच न्हाय."

"ती आपल्या अनूची."

मग डोळा न काढता तिनं विचारलं, "मग लग्नाच्या आधी बघितलासा तवा?"

"तवा दोन्ही सारखं दिसलं गं."

"कशात बघितलासा?"

मला वाटलं, आता खोटं बोलतील. नाही बोलले. "मूत्रपिंडाच्या पेशीत."

पद्मानं डोळा बाजूला केला. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज आला. "माझ्या पोरीच्या मूत्रपिंडाला कायबी झालं न्हाय ओ, मामा."

सर भिंत धरून खाली फरशीवर बसले. "चुकलं गं माझं," एवढंच म्हणाले, आणि तेच दोन-तीनदा. पद्मा त्यांना उठवायला गेली नाही. मीही गेले नाही.

त्यानंतर सर बदलले. संशोधन जवळजवळ सोडलंच. अनूला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागायचं, आणि ते मिळवणं हेच त्यांचं काम झालं. स्वतःचं द्यायला गेले तर रक्तपेढीतल्या मुलीनं बोटाला टोचून बघितलं आणि हसून सांगितलं, "आजोबा, तुमचंच कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या." तो तुटका अर्धा त्यांच्याही अंगात होता ना. मग ते उद्यमबागेतल्या कारखान्यांकडं जायचे. फाउंड्र्यांची पाळी सुटायच्या वेळेला गेटसमोर स्कूटर लावून उभे. बाहेर पडणाऱ्या काळवंडलेल्या पोरांना थांबवून विचारायचे, "तुझा ग्रुप कुठला, बाळ?" पोरं आधी बिचकायची. वॉचमननं दोनदा हाकलून दिलं. मग हळूहळू ओळख झाली आणि त्यातली पाच-सहाजणं नेमानं रक्त द्यायला लागली. एकदा मी बरोबर होते. एका पोरानं बाही वर करता करता विचारलं, "सर, पोरगी हुईल ना बरी?" मी सरांच्या तोंडाकडं बघितलं. "हुईल की," ते म्हणाले. "हुईल, हुईल." मला तिथं उभं राहवेना. मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन चहा प्यायले.

अनू पाच वर्षांची असताना पद्माला पुन्हा दिवस गेले. ठरवून नाही, पण गेले. आता एवढं तरी होतं: तुकडा कुठला, हे सिद्ध झालेलं होतं. पोटातल्या बाळाचा तपासता येत होता, आणि चार शक्यतांतली एकच वाईट. सरांनी नमुना स्वतः बेंगळूरला नेला, कुरियरवर सोडला नाही. फोन आला तेव्हा मी त्यांच्या घरीच होते. ते ऐकत राहिले, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पद्मा दारात उभी होती. ह्या वेळी ते एक क्षणही थांबले नाहीत.

"दोन्ही तुटकंच हैत, पद्मा. अनूसारखंच."

आक्का आतून आल्या. त्यांनी डोक्याला हात लावला. "जीव हाय त्यो, आप्पा. आपल्यात असलं करत न्हाईत. पाप लागंल."

"लागू दे," सर म्हणाले. "माझ्या नावावर लागू दे." आणि मग पद्माला, "तू म्हणशील तसं. मी मधी येणार न्हाय, आणि आक्कालाबी येऊ देणार न्हाय."

पद्मानं दोन दिवस घेतले. अनूला सारखं जवळ घेऊन बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला फोन केला. म्हणाली, दवाखान्यात जायला लागतंय, तुमची गाडी घिऊन याल काय, मामांच्यानं आता चालवणं होत न्हाय.

नेमका त्याच दिवशी अनूला रक्त चढवायचा नंबर होता; तपासून रक्त मिळेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पद्माचा नवरा तिला घेऊन तिकडं गेलेला. म्हणून दवाखान्यात आम्ही तिघंच: पद्मा, सर आणि मी. पद्मा आत गेली. सर बाहेर बाकावर बसले, पाठ ताठ, हात मांडीवर. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं. ऊन कलायला लागलं, पण डबा त्यांनी आणलाच नव्हता.

संध्याकाळी पद्माला सोडलं. नर्स तिला धरून गाडीपर्यंत घेऊन आली. मी मागचं दार उघडलं, ती सावकाश बसली, शाल गुडघ्यांवर ओढून घेतली. सर पुढं बसले. मी गाडी सुरू केली.

मग मागून पद्मा म्हणाली, "मामा, ह्या खेपेला येळेत सांगितलासा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता हो. असता तर बरं झालं असतं. तिनं ते खरोखरच, उपकार मानल्यासारखं म्हटलं होतं. सरांनी तोंड खिडकीकडं केलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघत होते.

"रडू नगा," पद्मा म्हणाली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून, "ताई, घराकडं नगा घिऊ. अनूकडं घ्या. तिला सुई टोचताना मी लागते."

मी गाडी वळवली.